चव्वेचाळीस फेरे

हे प्रकरण आमच्या घरातल्या शांततेपासून सुरू करावं लागेल, कारण पुढची चूक त्या शांततेतच झाली. पुसदला विहाराच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि बाजाराच्या रस्त्यावर बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. वाइंडिंग म्हणजे जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तांब्याची तार काढून नवी भरणं. त्या काळात गावोगाव विजेची लाईन पोचत होती आणि तिच्या मागोमाग मोटारी जळत होत्या, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. जुनी तार काढणं, खाचांत कागद बसवणं, नव्या कॉइल त्यांत भरणं, वार्निश लावणं ही कामं बाबा दुकानात करत. पण तारेचे फेरे गुंडाळून कॉइल तयार व्हायच्या त्या घरी, आणि त्या माझी आई, सुभद्राबाई, करत असे. आम्ही तिला माय म्हणायचो.

मायजवळ एक लाकडी फर्मा होता, त्याला हँडल. मांडी घालून ती बसायची, डाव्या हाताने तार ताणून धरायची आणि उजव्या हाताने हँडल फिरवायची. प्रत्येक फेऱ्याला हँडल एकदा करकरायचं. समोर दोन वाट्या असत. डाव्या वाटीत तुरीचे दाणे, उजवी रिकामी. दहा फेरे झाले की एक दाणा डावीकडून उजवीकडे जायचा. ते दाणे वर्षानुवर्षं तेच होते, हाताळून हाताळून काळे आणि गुळगुळीत झालेले. फेरे चालू असताना मायशी बोलायचं नाही हा आमच्या घरातला पहिला नियम होता, आणि दुसरा मला आठवत नाही. फेरे असतील त्या दिवशी पापड भाजायचे नाहीत, कारण ते वाजतात. भाकरीसुद्धा शेजारच्या बाईंच्या चुलीवर थापल्या जात, सोबत सकाळी करून ठेवलेली अंबाडीची भाजी आणि ठेचा, आणि आम्ही ते सगळं हळू चावून खायचो. एकदा मायच्या पाठीमागच्या भिंतीवर विंचू होता. मी बोटाने दाखवला. तिने मान हलवली, कॉइल पुरी केली, शेवटचा दाणा ठेवला आणि मग चप्पल मागितली.

माझं काम धाग्याचं होतं. फर्म्यावरून कॉइल निघाली की तिला दोन टोकं असतात, एक जिथून गुंडाळायला सुरुवात केली ते आणि एक जिथे संपवलं ते. कॉइल एकदा खाचेत बसली की दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून सुरुवातीच्या टोकाला मी लाल धागा बांधायचे. बाबा दुकानात त्या धाग्याकडे बघून कॉइल एकमेकींना जोडत. हे एवढं का, असं मी लहान असताना त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "करंट गोल फिरला का लोखंडाले जोर येते. असा फिरला तर एक जोर, उलटा फिरला तर दुसरा. मोटारीत दोनी जोर पाह्यजेत, एकाआड एक. शेजारचे दोनी का सारखे झाले, तं मोटार जाग्यावर बसून गुनगुनते." बाबा चौथी पास होते. पुढे मी हाच विषय आयुष्यभर कॉलेजात शिकवला. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं आणि विजेची दिशा उलटली की चुंबकाची टोकं उलटतात, हे सांगायला मला दोन तास लागायचे. नातवंडांनो, तुमच्या घरी ज्या शेगडीवर जाळ न दिसता दूध उकळतं, तिच्या काचेखालीही अशीच एक गुंडाळलेली तार आहे. ती कोणी गुंडाळली ते मला माहीत नाही. मायने गुंडाळली असती तर फेरे नक्की बरोबर असते.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. पुढे मला कॉलेजात घालायचं की नाही यावर घरात एकदाच बोलणं झालं होतं. बाबा म्हणाले होते, "घरच्या कामात खोट नाही आली पाह्यजे. मंग शिक किती शिकायचं तं." हा करार मी मान्य केला होता. आमच्या सायन्सच्या सरांनी मला एक इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं होतं, कॉलेजात सगळं इंग्रजीत असतं, आतापासून सवय कर म्हणून. मी ते स्वयंपाकघरात, अंगणात आणि धागे बांधतानाही वाचत असे. शब्दकोश शाळेत असल्यामुळे एकेक वाक्य दोनदोनदा वाचावं लागायचं.

त्या हिवाळ्यात फुलसावंगीहून पिठाच्या गिरणीची मोटार आली. गिरणी किसनरावांची. त्यांच्या वडिलांच्या वेळी ती इंजिनावर चालायची, आता विजेवर आली होती. फुलसावंगी हे मायचं माहेर. लहानपणी ती याच गिरणीत दळण घेऊन जायची, आणि आमच्या माणसांनी डबा ओट्यावर न ठेवता खाली जमिनीवर ठेवायचा अशी तिथली रीत होती. सगळ्यांचं झाल्यावर कोणीतरी तो उचलून घ्यायचं. माय ही गोष्ट कधी रागाने सांगत नसे. आमच्या चुलीपासून विहीर किती पावलांवर होती हे सांगावं तशी सांगायची. आता त्याच गिरणीची मोटार आमच्या खाटेखाली होती, कारण दुकानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. माय झाडू मारताना ती न सरकवता तिच्याभोवतीने मारायची.

बारा कॉइल, प्रत्येकीला चव्वेचाळीस फेरे. मायने दोन दिवसांत केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि हातात धागे होते. पानावर लिहिलं होतं की गुंडाळीतून वीज उलट दिशेने गेली तर तिच्या चुंबकाची टोकं अदलाबदल होतात. मी ते वाक्य दोनदा वाचलं, मला ते पूर्ण समजलं, आणि मी धागा चुकीच्या टोकाला बांधला. अर्थात हे मला तेव्हा कळलं नाही. चूक होताना तिचा काही आवाज येत नाही.

बाबा चालवून बघितल्याशिवाय मोटार देत नसत. पण ती तयार झाली त्या दिवशी पुसदला लाईन नव्हती, आणि किसनरावांकडे दळणाचे डबे साचले होते. ते बैलगाडी घेऊन दुकानासमोर उभे होते. बाबांनी मोटार दिली. तिसऱ्या दिवशी तीच बैलगाडी, तीच मोटार. मी शाळेतून येताना दुकानात थांबले होते.

"मिस्त्री," किसनराव म्हणाले, "मोटार गाणं म्हनते, पन फिरत नाई. हात लावाल तं भाकर शेकन इतकी तापली."

बाबांनी मोटार उघडली. धागे बघितले. लाल जिथे हवा तिथे लाल होता, आणि त्याप्रमाणे सगळे जोड बरोबर होते. त्यांनी दुसऱ्यांदा बघितलं. आमच्या घरात लाल धागा कधी खोटा बोलला नव्हता, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मग उरलं एकच. पाचसहा माणसं चहा पीत उभी होती, त्यांच्यासमोर ते म्हणाले, "फेरे कमी भरलेत. घरून चूक झाली."

"म्हंजे सुभद्राबाईनं दोनचार फेरे भाजीत टाकले काय?" किसनराव म्हणाले. माणसं हसली. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. किसनराव गाडीवर बसता बसता म्हणाले, "आमच्या गावची लेक, मोजता येत नाई तं सांगाचं होतं. आमी पोरगा मोजाले पाठोला असता." हे वाक्य त्या गाडीतून फुलसावंगीला जाणार आणि गावातल्या प्रत्येक ओट्यावर उतरणार, हे मला तिथे उभ्या उभ्याच दिसलं.

बाबांनी संध्याकाळी मायला सांगितलं. मायने विचारलं, "किती कमी?" बाबा म्हणाले, "ते मोजल्याबिगर कसं सांगू. सारं काढूनच टाकतो, नवी तार भरू."  मायने दिव्याजवळ जाऊन सुईत धागा ओवून पाहिला. पहिल्या खेपेत ओवला गेला. तिने तो काढला आणि पुन्हा ओवला. मग ती म्हणाली, "माह्या डोयाचं खरं नाही आता. दुसरं कोनी पाहा या कामाले." तिने डाव्या वाटीतले तुरीचे दाणे पातेल्यात ओतले, त्यात आणखी मूठभर तूर घातली, आणि त्या रात्री आम्ही मोजणीचे दाणे घुगऱ्या करून खाल्ले. नवे दाणे शिजले होते. जुने शिजले नव्हते. कोणता कोणता आहे ते दाताखाली लगेच कळत होतं, पण त्याबद्दल कोणी बोललं नाही. त्या दिवशी फेरे चालू नव्हते, तरीही.

मी मात्र झोपण्याआधी हिशेब मांडून पाहिला. मायने कधी चूक केली नव्हती. विंचवालासुद्धा तिने थांबवून ठेवलं होतं. म्हणजे फेरे बरोबर असणार. फेरे आणि जोड दोन्ही बरोबर असतील तर धागा चुकीचा, आणि धागा माझा. हे सांगितलं असतं तर करार मोडत होता आणि कॉलेज जात होतं. न सांगितलं तर बाबा दुसऱ्या दिवशी यवतमाळहून नवी तार आणणार होते, आल्यावर छिन्नीने सगळ्या कॉइल कापणार होते, आणि एकदा कापल्यावर माय बरोबर होती हे जगात कोणालाही सिद्ध करता आलं नसतं. मी धीट मुलगी नव्हते. मला फक्त अर्धवट राहिलेली गोष्ट सहन होत नाही, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलंच असेल.

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळच्या बसने गेले आणि मी शाळेत गेले नाही. दुकानातून घरी आणलेली मोटार अंगणात उघडी होती, आतला फिरणारा भाग बाहेर काढलेला, त्यामुळे ती तोंड वर केलेल्या मोठ्या लोखंडी नळकांड्यासारखी उभी होती. आतल्या भिंतीवर कॉइल. मी मायला म्हटलं, "मले तुह्यी जाडी सुई दे."

"कायले?"

"धागा उलटा बांधला आसन मी. पाहाचं हाये."

माय ज्वारी निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "पुस्तक वाचून राह्यली होती?"

"हो."

"काय लिवलं होतं त्यात?"

"करंट उलटा फिरला तं चुंबकाचं टोक बदलते म्हनून."

मायने जरा विचार केला. "मंग लिवलं तं बरोबरच लिवलं होतं," ती म्हणाली आणि सुई आणायला उठली.

बाबांची एक जीपची जुनी बॅटरी घरी होती. उरलेल्या एका जुन्या कॉइलच्या पोटात मी सुई ठेवली आणि कॉइलची टोकं बॅटरीला क्षणभर टेकवली. ठिणगी उडाली, मायने पदर सावरला. सुई आता चुंबक झाली होती. तिच्या बरोबर मध्यावर मी लाल धागा बांधला आणि तिला आडवी टांगली. ती दोनतीनदा हेलकावली आणि टोक विहाराकडे करून थांबली. विहार आमच्या घराच्या उत्तरेला होता. बाबांच्या पानाच्या डबीतला चुना मी त्या टोकाला लावला. दुसऱ्या बाजूला सुईचं नेढं होतं, ते तसंच ठेवलं.

बारा कॉइलचे चार-चारचे तीन संच होते. बॅटरीची तार मी एका संचाला जोडली, मध्ये जीपचा एक दिवा घालून, म्हणजे जास्त करंट जाऊन काही जळू नये. माय तार धरून बसली. मी सुई नळकांड्यात सोडली आणि आतल्या भिंतीजवळून गोल नेऊ लागले. प्रत्येक कॉइलसमोर सुई वळत होती. चुना लावलेलं टोक भिंतीकडे, मग नेढं भिंतीकडे, मग टोक, मग नेढं. एकाआड एक, बाबांनी सांगितलं होतं तसं. माय तोंडातल्या तोंडात म्हणत होती, "टोक, नेढं, टोक, नेढं." दुसरा संचही तसाच. तार सोडली की सुई लगेच सगळं विसरायची आणि विहाराकडे बघायची. हे मायला फार आवडलं. तिने मला तीनदा सोडायला आणि लावायला सांगितलं.

तिसऱ्या संचात ती म्हणाली, "टोक, नेढं," आणि मग थांबली. सुई तिसऱ्या कॉइलसमोर आली होती आणि नेढंच भिंतीकडे होतं. चौथ्यासमोरही नेढंच. मी पुन्हा फिरवली. टोक, नेढं, नेढं, नेढं.

"तिसरी," माय म्हणाली.

"तिसरी," मी म्हटलं.

 माय तार अजून धरून होती, दिवा पेटलेला होता. मायने विचारलं, "मंग माहे फेरे?"

"बरोबर असनार."

"असनार नको सांगू."

"बरोबर हायेत."

तिने तार सोडली. दिवा विझला.

बाबा संध्याकाळी तारेचं बंडल खांद्यावर घेऊन आले. मायने त्यांना चहाही दिला नाही. "आधी हे पाहा," म्हणाली. बाबांनी सुई स्वतः हातात घेतली आणि तिसरा संच चार वेळा फिरवून पाहिला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "धागा कोनं बांधला?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "हं." आमच्याकडे 'हं' मध्ये बरंच काही मावत असे. त्यांनी तिसऱ्या कॉइलचे दोन जोड सोडवले, टोकं उलटी केली, पुन्हा जोडली, वार्निश लावलं. सगळं मिळून तासाभराचं काम. तेव्हा लाईन होती. मोटार बटण दाबताच फिरली आणि इतकी गुळगुळीत फिरली की शेजारच्या बाई बघायला आल्या.

"फेरे बरोबर होते व," बाबा मायला म्हणाले.

माय म्हणाली, "हे मले कायले सांगता. मले ठाऊक हाये. जिथी चूक सांगतली तिथी सांगा."

"दुकानात सांगतो उद्या."

"दुकानातून ते फुलसावंगीले गेलं."

मोटार किसनरावांच्या गाडीतून गेली आणि आम्ही तिघं बसने. बाबांनी काळी टोपी घातली होती, जी ते लग्नांना घालत. मायच्या मांडीवर ज्वारीने भरलेला डबा होता. अर्ध्या वाटेवर बाबांनी विचारलं, "हे काहून घेतलं?"

"दयाले."

"पुसदले गिरनी नाई काय?"

"हाये," माय म्हणाली आणि खिडकीतून कपाशीच्या पऱ्हाट्या बघत राहिली.

गिरणीसमोर वीसेक माणसं डबे घेऊन उभी होती. त्यांत मायचा भाऊही होता, तो जरा लांब उभा होता. मोटार बसवून झाली. बाबांनी हात पुसले, टोपी सारखी केली, आणि गिरणीच्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "मांगच्या बारीले मी म्हटलं होतं फेरे कमी भरले. ते चुकीचं बोललो. धागा उलटा होता. फेरे बरोबर होते."

किसनराव म्हणाले, "बरं बरं मिस्त्री, होते चूक. चालू करा."

"किती होते?" माय म्हणाली. ती बाबांनाच विचारत होती.

"चव्वेचाळीस," बाबा म्हणाले.

"सगळ्याइत?"

"बाराच्या बारा."

मग मायने डबा उचलला, तीन पायऱ्या चढली आणि तो ओट्यावर ठेवला. किसनरावांनी डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बटण दाबलं. मोटार फिरली, पट्टा फिरला, आणि सुभद्राबाईंची ज्वारी पहिली पडली. पीठ गरम असताना तिने चिमूटभर बोटांत घेऊन चोळून पाहिलं. "जरा जाडं हाये," ती म्हणाली. किसनरावांनी मुकाट्याने गिरणीचे दगड आवळले.

परतीच्या बसमध्ये बाबांनी मला कामावरून काढलं. "तू आता धागे बांधू नको," ते म्हणाले, "तुह्याच्यानं ते होनार नाही. तू पुस्तकंच वाच." माय म्हणाली, "धागे मी बांधतो. पन तिनं दुसऱ्या खोलीत बसून वाचाचं." करार मोडला होता आणि शिक्षाही झाली होती, पण शिक्षा कॉलेजच्याच दिशेने होती. मी त्यावर प्रश्न विचारला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला दुसऱ्या कुठल्या कामावरून कोणी काढलं नाही, तेव्हा त्या एका अनुभवाची मी नीट नोंद ठेवली आहे. ती सुई माझ्या शिवणाच्या डब्यात अजून आहे. मध्यंतरी मी ती फ्रिजवर ठेवली होती, तेव्हापासून तिचं उत्तर दिशेबद्दलचं मत पक्कं राहिलेलं नाही.

पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा माय काही महिने माझ्याकडे राहायला आली होती. एकदा मी तास तयार करत टेबलाशी बसले होते आणि ती शेजारी येऊन वहीत बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण उगाच कोणी काही लिहीत नाही असा तिचा विश्वास होता. मी तिला सांगितलं की तारेच्या गुंडाळीत चुंबकाचा जोर किती येईल त्याचं हे सूत्र आहे. जगभर हेच वापरतात. हे अक्षर म्हणजे करंट किती, आणि हे इंग्रजी एन म्हणजे फेरे किती.

"फेरे?" ती म्हणाली. "त्याईनं फेरे लिवले हायेत याच्यात?"

"त्याच्याबिगर येतच नाही."

तिने त्या एनवर बोट ठेवलं. "मंग इथी काय लिवाचं?"

"जितके आसन तितके. तुह्ये असले तं चव्वेचाळीस."

"लिव," ती म्हणाली.

मी लिहिलं. तिने ते नीट बघितलं, मान हलवली, आणि दुधाखालचा गॅस बंद करायला आत गेली.